जुन्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगची गळकी नळी : परीक्षा, दुरुस्ती व खबरदारी

भातखाचरातील चिखलणी, द्राक्षबागेतील फवारणी व उसाची वाहतूक या कामांसाठी चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारे ट्रॅक्टर आता अनेक गावांत दिसतात. त्यांतील पुष्कळसे दहा-पंधरा वर्षे वापरलेले असतात, आणि कित्येक दुसऱ्या मालकाच्या हाती आलेले असतात. अशा ट्रॅक्टरचे इंजिन चांगले असले तरी त्याच्या रबरी नळ्यांचे आयुष्य मात्र संपत आलेले असते. पुढील आसाजवळ तेलाचा ओलावा दिसू लागतो, त्यावर धूळ बसून काळा थर जमतो, आणि "थोडे तेल गळतेच" असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. हे दुर्लक्ष किती महाग पडू शकते आणि गळती वेळीच कशी थांबवावी, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

स्टिअरिंगला तेलाच्या दाबाची जोड देण्याची कल्पना तशी जुनी आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली अशी यंत्रणा मोटारीवर चालवून दाखविली होती, आणि १९५१ साली क्रायस्लर कंपनीने ती विक्रीच्या मोटारीत बसविली. पुढे ती ट्रॅक्टरवर आली आणि चालकाच्या हातांचा व खांद्यांचा फार मोठा ताण नाहीसा झाला. परंतु या सुखसोयीबरोबर दाबाखालील तेलाची जबाबदारीही चालकावर आली, हे विसरता कामा नये.

यंत्रणेची रचना

पॉवर स्टिअरिंगमध्ये पुढील भाग असतात : तेलाची टाकी, इंजिनावर चालणारा पंप, स्टिअरिंगच्या दांड्याखाली बसविलेला झडपांचा संच, पुढील आसावरील सिलिंडर, आणि या सर्वांना जोडणाऱ्या नळ्या. काही ट्रॅक्टरांत टाकी स्वतंत्र असते, तर काहींत गिअर पेटीतील किंवा हायड्रॉलिकचेच तेल या कामी वापरले जाते.

झडपांच्या संचास सामान्यतः चार नळ्या येऊन मिळतात. पहिली पंपाकडून दाबाचे तेल आणते. दुसरी काम झालेले तेल टाकीकडे परत नेते. उरलेल्या दोन सिलिंडरच्या दोन बाजूंस जातात. त्यांतील एकीतून तेल गेले म्हणजे चाके डावीकडे वळतात आणि दुसरीतून गेले म्हणजे उजवीकडे. परतीच्या नळीत दाब अगदी कमी असतो. इतर तीन नळ्यांत मात्र तो दर चौरस सेंटीमीटरला शंभर किलोग्रॅम किंवा त्याहूनही अधिक चढू शकतो. ट्रॅक्टरच्या पुढील टायरमधील हवेचा दाब दोन किलोग्रॅमच्या आसपास असतो, हे ध्यानी घेतल्यास या नळ्यांवर पडणाऱ्या भाराची कल्पना येईल.

आपल्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग कोणत्या प्रकारचे आहे, हे प्रत्येक मालकाने एकदा खाली वाकून पाहून ठेवावे. स्टिअरिंगपासून चाकांपर्यंत लोखंडी दांडा गेलेला असेल, तर तेल केवळ मदतनिसाचे काम करते. नळी फुटली तरी स्टिअरिंग जड होऊन का होईना, चाके वळतात. परंतु पुष्कळ ट्रॅक्टरांत असा दांडा मुळीच नसतो. स्टिअरिंग आणि चाके यांचा संबंध फक्त नळ्यांतील तेलामार्फत असतो. अशा ट्रॅक्टरमध्ये इंजिन बंद पडले, तर झडपांचा संच हातपंपाप्रमाणे काम करतो व जोर लावून चाके वळविता येतात. पण सिलिंडरकडे जाणारी नळीच फुटली, तर वळविण्यासाठी गेलेले तेल जमिनीवर सांडते आणि हातातील चक्र नुसते फिरत राहते. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना, उतारावर, समोरून वाहन येत असताना असे घडले तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

गळतीमुळे होणारे नुकसान

लहान गळती वाटते तितकी लहान नसते. दर सेकंदास एक थेंब पडत असेल, तर दहा तासांच्या कामात ३६,००० थेंब पडतात. एका मिलिलिटरमध्ये वीस ते चाळीस थेंब धरले, तरी ९०० मिलिलिटर ते १,८०० मिलिलिटर तेल मातीत जाते. ज्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगची टाकी स्वतंत्र व लहान असते, त्याची टाकी एका दिवसाच्या कामात तळ गाठू शकते.

टाकीतील तेल उतरले की पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो. मग पंप कण्हल्यासारखा आवाज करतो, टाकीत फेस येतो आणि स्टिअरिंग झटके देत वळते. पंपातील दात तेलाच्याच वंगणावर फिरत असल्यामुळे कोरडा फिरणारा पंप थोड्या वेळात झिजून निकामी होतो. नळी बदलण्याचा खर्च टाळावयास जावे आणि पंपाचा खर्च अंगावर यावा, असा हा प्रकार होय. शिवाय तापलेल्या सायलेन्सरवर तेल उडाल्यास आग लागण्याचा संभव असतो, आणि विहिरीजवळ सांडलेले तेल पाणी नासविते.

प्रथम जिवाची काळजी

गळती शोधताना होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे नळीवरून हात फिरविणे. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाखाली निघणारी तेलाची धार डोळ्यांस दिसत नाही, परंतु ती कातडी भेदून आत शिरते. हातमोजा किंवा फडका तिला अडवू शकत नाही.

अशी जखम दिसण्यात अगदी क्षुल्लक असते. बोटावर एक बारीक ठिपका दिसतो, आरंभी वेदनाही फारशी होत नाही, आणि चालक काम चालू ठेवतो. आत मात्र तेल स्नायूंत पसरून मांस मरू लागते. काही तासांत हात सुजतो व ठणकतो. उपचारास विलंब झाल्यास बोट किंवा हात कापावा लागण्याची पाळी येते. यास्तव तेल कातडीत शिरल्याची नुसती शंका आली तरी पुढीलप्रमाणे वागावे :

१. काम तत्काळ थांबवावे. जखम चोळू नये, दाबून तेल काढण्याचा प्रयत्न करू नये, तिच्यावर हळद, चुना किंवा मलम लावू नये, आणि हात आवळून बांधू नये.

२. बोटातील अंगठी व मनगटावरील कडे काढून ठेवावे. सूज आल्यावर ती निघत नाहीत.

३. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची सोय असेल, तेथे रुग्णास ताबडतोब न्यावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

४. डॉक्टरांना "दाबाखालील तेल कातडीत शिरले आहे" असे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि तेलाच्या डब्यावरील नाव दाखवावे. साधा काटा टोचला असे समजून उपचार होता कामा नये.

दुसरा धोका चाकांचा. इंजिन चालू असताना चक्राला थोडा धक्का लागला तरी पुढील चाक जोराने वळते. म्हणून तपासणीच्या वेळी चाक व ट्रॅक्टरचे अंग यांच्यामधील जागेत कोणीही उभे राहू नये अथवा हात घालू नये.

गळतीची जागा शोधण्याची रीत

ट्रॅक्टरखाली दिसणारे प्रत्येक तेल स्टिअरिंगचेच असते असे नाही. इंजिनाचे तेल काळे असते, डिझेल पातळ असून वासावरून ओळखू येते, आणि पुढील आसातील गिअरचे तेल दाट असून त्यास उग्र वास येतो. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढील आसात गिअर व सील असल्यामुळे हा घोटाळा विशेष होतो. त्यातच तेल वाऱ्याने व उताराने दूर वाहत जाते. थेंब जेथे पडतो तेथेच गळती असते असे नव्हे. म्हणून शोध वरून खाली घ्यावा.

प्रथम ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हातब्रेक लावावा, मागील चाकांस दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, इंजिन बंद करून ते निवू द्यावे. नंतर डिझेलमध्ये भिजविलेल्या फडक्याने सर्व नळ्या, जोड व सिलिंडर पुसून कोरडे करावेत आणि संशयित जागी खडूची बारीक भुकटी शिंपडावी. खाली जुने वर्तमानपत्र पसरावे. आता एका माणसाने आसनावर बसून गिअर न्यूट्रल ठेवून इंजिन मंद गतीने चालू करावे व चक्र हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवावे. दुसऱ्याने डोळ्यांवर चष्मा लावून दूर अंतरावरून पाहावे. भुकटी जेथे प्रथम ओली होईल ती गळतीची जागा समजावी. बारीक धारेचा संशय असल्यास लांब काठीस पुठ्ठ्याचा तुकडा बांधून तो नळीजवळून फिरवावा. धार असल्यास पुठ्ठ्यावर तेलाचा डाग उमटतो. हाताचे काम पुठ्ठ्याने करावे, हाच येथील मुख्य नियम होय.

टाकीत फेस येतो पण कोठेही थेंब दिसत नाही, असेही कधी आढळते. अशा वेळी टाकीपासून पंपाकडे तेल ओढून नेणारी नळी तपासावी. तिच्यात ओढ असल्यामुळे भेगेतून तेल बाहेर न येता हवा आत जाते. क्लिप घट्ट करणे किंवा ती नळी बदलणे हा त्यावर उपाय आहे.

कोणत्या गळतीस कोणता उपाय

जोडाच्या नटाजवळ ओलावा असल्यास तेथील नट सैल झालेला असतो, किंवा आतील ओ-रिंग अथवा तांब्याचा वॉशर खराब झालेला असतो. इंजिन बंद करून दाब काढल्यावर दोन पाने घ्यावेत. एकाने जोडाचा स्थिर भाग धरावा आणि दुसऱ्याने नट बेताने आवळावा. एकच पाना वापरल्यास सर्व नळी पिळली जाते. गळती न थांबल्यास अधिक जोर लावू नये. जोड खोलून ओ-रिंग किंवा वॉशर नवा घालावा. तांब्याचा वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही. अशा जोडांवर पांढरी टेप गुंडाळू नये. तिचे तुकडे आत जाऊन झडपांत अडकतात.

रबरी नळी जेथे लोखंडी टोपणात दाबून बसविलेली असते, तेथून तेल येत असल्यास नट आवळून काहीही उपयोग होत नाही. तो जोड नळी सोडू लागला आहे, असे समजून नळी बदलावी.

नळीच्या अंगावर फुगा आला असेल, रबरास खोल भेगा पडल्या असतील किंवा आतील तारेचे जाळे उघडे पडले असेल, तर गळती सुरू झालेली नसली तरी नळी बदलावी. अशा नळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे, चिकटपट्टी लावणे, लांबी भरणे किंवा नळी कापून मध्ये लोखंडी तुकडा घालून जुबली क्लिपा आवळणे, हे उपाय गावोगावी केले जातात. ज्या दाबापुढे पोलादी तारेचे जाळे टिकले नाही, त्यापुढे ट्यूबची पट्टी टिकणार नाही. ती गळती थांबवीत नाही, केवळ झाकते. आणि झाकलेली नळी भररस्त्यात फुटते.

परतीच्या नळीचा अपवाद आहे. तिचे टोक चिरले असून नळीस पुरेशी लांबी असेल, तर चिरलेला भाग सरळ कापून टाकावा व नवी क्लिप लावावी. नळी बदलावयाची झाल्यास तेलास टिकणारीच घ्यावी. बागेस पाणी देण्याची नळी तेलाने फुगते व गरम होताच निसटते.

सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर तेल येत असल्यास दोष सिलिंडरच्या सीलचा असतो, आणि स्टिअरिंगच्या दांड्याखाली चालकाच्या पायाजवळ तेल येत असल्यास झडपांच्या संचाच्या सीलचा. ही कामे अनुभवी कारागिराकडूनच करवून घ्यावीत.

ट्रॅक्टर नेऊ नये, नळी न्यावी

नळी फुटलेला ट्रॅक्टर हळूहळू चालवीत किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून गावाबाहेरील दुकानापर्यंत नेण्याची पद्धत अत्यंत धोक्याची आहे. वळविता न येणारे वाहन ओढणेही सुरक्षित नसते. ट्रॅक्टर जागच्या जागी ठेवावा, नळी सोडवावी आणि ती घेऊन दुकानात जावे. तालुक्याच्या ठिकाणी यंत्रावर दाबून हायड्रॉलिक होज पाइप तयार करून देणारी दुकाने आढळतात.

नळी काढण्याचा क्रम असा ठेवावा :

१. इंजिन बंद करून चक्र दोन्ही बाजूंस काही वेळा फिरवावे, म्हणजे नळीत अडकलेला दाब निघून जातो. तेल गरम असल्यास ते निवेपर्यंत थांबावे.

२. जोडांभोवतीचा चिखल प्रथम खरवडून व पुसून काढावा. आत गेलेला वाळूचा एक कण झडपांवर ओरखडे पाडतो.

३. डाव्या व उजव्या बाजूच्या नळ्यांस व त्यांच्या जोडांस वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधावेत. या दोन नळ्या उलटसुलट जोडल्या गेल्यास चक्र डावीकडे फिरविताच ट्रॅक्टर उजवीकडे वळतो.

४. खाली पसरट भांडे ठेवून नट अर्धा सैल करावा, उरलेले तेल निथळू द्यावे आणि मगच तो पूर्ण काढावा. भांड्यातील तेल पुन्हा टाकीत ओतू नये. ते डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

५. उघडी पडलेली तोंडे स्वच्छ प्लास्टिकची पिशवी व दोरा यांनी बांधून ठेवावीत. कापसाचा बोळा कोंबू नये. त्याचे तंतू आत राहतात.

नवी नळी घेताना

दुकानात जुनी नळी अखंड न्यावी. तिच्यावरून लांबी, आतील व्यास, आट्यांचा प्रकार आणि दोन्ही टोकांच्या वाकड्या जोडांचा परस्परांशी असलेला कोन या चार गोष्टी ठरतात. आटे सारखे दिसले तरी सारखे नसतात. मेट्रिक आट्यात इंची आट्याचा नट जोराने घातल्यास दोन्ही बिघडतात.

दाबाची नळी एक किंवा दोन पोलादी जाळ्यांची असते. मूळ नळी दोन जाळ्यांची असल्यास नवीही तशीच घ्यावी. नळीवर तिचा कार्यदाब छापलेला असतो; तो यंत्रणेच्या सर्वाधिक दाबापेक्षा कमी असता कामा नये. चांगली नळी कार्यदाबाच्या चौपट दाबापर्यंत फुटत नाही. परंतु हा चौपटीचा भाग आचके व झीज सोसण्यासाठी राखलेला असतो. तो रोजच्या वापरासाठी नव्हे. बहुतेक नळ्यांवर निर्मितीचे वर्षही छापलेले असते. दुकानात वर्षानुवर्षे उन्हात टांगलेली नळी नवी समजू नये.

नळी कापताना आत रबराची व तारेची पूड पडते. ती हवेच्या झोताने साफ करून घ्यावी आणि दोन्ही तोंडे बंद करूनच नळी घरी आणावी. सिलिंडरच्या दोन नळ्यांपैकी एक जुनी होऊन फुटली असेल, तर दुसरीचेही वय तेवढेच असते. दोन्ही एकदम बदलणे शहाणपणाचे होय.

नळी बसविणे व हवा काढणे

दाबाखाली नळीची लांबी किंचित कमी-जास्त होते. म्हणून ती ताणून बसवू नये. तिच्या अंगावर लांबीभर छापलेली ओळ सरळ राहिली पाहिजे. ती पिळाप्रमाणे फिरलेली दिसल्यास नळी पिळली गेली आहे असे समजून पुन्हा बसवावी. टोपणाला लागूनच नळी वाकवू नये. तेथे नळीच्या जाडीच्या दुपटीइतका भाग सरळ ठेवावा.

फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पुढील आस बांध ओलांडताना एका बाजूस वर व दुसऱ्या बाजूस खाली होतो, आणि पुढील चाकांस शक्ती नेणारा दांडा त्याच भागात फिरत असतो. म्हणून चाके पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि एक चाक उंचवट्यावर चढलेले, अशा तिन्ही स्थितींत नळी ताणली जात नाही, चाकास घासत नाही व फिरत्या दांड्यास लागत नाही याची खात्री करावी. नळी धरून ठेवणारे मूळ पट्टे बहुधा पूर्वीच्या दुरुस्तीत हरवलेले असतात. ते अवश्य पुन्हा बसवावेत. सायलेन्सरजवळून जाणाऱ्या नळीस उष्णतेपासून आडोसा द्यावा.

टाकीत निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल खुणेपर्यंत भरावे. ब्रेकचे तेल चुकूनही घालू नये. त्याने सील फुगून निकामी होतात. नंतर पुढील आस जॅकने उचलून खाली भक्कम ठोकळे द्यावेत. इंजिन मंद चालू करून चक्र सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही वेळा फिरवावे. टोकाशी दाबून धरू नये. मधून मधून टाकीतील तेल पाहून कमी झाल्यास भरावे. फेस नाहीसा झाला व चक्र एकसारखे फिरू लागले म्हणजे हवा निघाली असे समजावे. पुठ्ठ्याने पुन्हा तपासणी करावी. प्रथम रिकाम्या शेतात हळू चालवून पाहावे, आणि आठ-दहा तासांच्या कामानंतर सर्व जोड पुन्हा तपासावेत.

जुन्या जीपगाड्या

डोंगराळ भागात दूध, भाजीपाला व खते वाहण्यासाठी चारही चाकांवर चालणाऱ्या जुन्या जीपगाड्या वापरल्या जातात. त्यांपैकी पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत पंपापासून स्टिअरिंग बॉक्सपर्यंत दाबाची एक नळी व परतीची एक नळी असते. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांपर्यंत लोखंडी दांडा असल्यामुळे नळी फुटली तरी गाडी वळते. मात्र चक्र एकाएकी जड झाल्याने बेसावध चालक घाटातील वळणावर फसतो. वर सांगितलेले शोधण्याचे, बदलण्याचे व हवा काढण्याचे नियम या गाड्यांसही लागू आहेत.

वाटेत नळी फुटल्यास

उसाने भरलेल्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरचे उदाहरण घ्यावे. चक्र एकाएकी हलके होऊन नुसते फिरू लागले किंवा झटके देऊ लागले, तर चालकाने इंधनाचा दट्ट्या ताबडतोब कमी करावा आणि दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू दाबून वाहन थांबवावे. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पायटे एकमेकांस खिळीने जोडलेले असावेत, हा नियम अशाच प्रसंगासाठी आहे. एकट्या बाजूचा ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर आडवा होऊन ट्रॉली उलटते. थांबल्यावर इंजिन बंद करावे, चाकांस दगड लावावेत आणि मागील वाहनांस इशारा होईल अशी खूण दूर अंतरावर ठेवावी. रात्रीच्या वेळी ही खूण दिव्याची किंवा परावर्तक फलकाची असावी. "कारखाना जवळच आहे" असे म्हणून तेल ओतत पुढे जाण्याचा मोह आवरावा.

नित्याची देखभाल

रोज सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी टाकीतील तेल व खालील जमीन पाहावी. चक्र पूर्ण वळवून तेथेच जोराने धरून ठेवू नये. त्या वेळी सर्व तेल दाबनियंत्रक झडपेतून जाऊन तापते व रबर कडक होते. ही झडप आवळून दाब वाढविण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. चिखलणीनंतर नळ्यांवरील चिखल त्याच दिवशी धुवावा. वाळलेला चिखल कानसेसारखा रबर घासतो. बॅटरीतील आम्ल, खते व फवारणीची औषधे नळ्यांवर सांडू देऊ नयेत. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या नळ्या उंदीर कुरतडतात. म्हणून त्याच्या शेजारी कडब्याची गंज किंवा धान्याची पोती ठेवू नयेत.

प्रत्येक वेळी ओतलेल्या तेलाची तारीख व मोजमाप वहीत लिहून ठेवावे. बंद यंत्रणेतील तेल आपोआप संपत नसते. महिन्यात दोनदा तेल घालावे लागले, तर कोठे तरी गळती आहे असे निश्चित समजावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाने अधिक पटतो. खरीप हंगामापूर्वी आणि उसाची तोडणी सुरू होण्यापूर्वी गावातील ट्रॅक्टर-मालक व चालक यांना एकत्र बोलवावे. मालक व चालक पुष्कळदा निराळे असतात, आणि नळीचा धोका चालकाच्या वाट्याला येतो. म्हणून त्याची उपस्थिती महत्त्वाची. एका ट्रॅक्टरखाली सर्वांना पाहावयास लावून स्टिअरिंगला लोखंडी दांडा आहे की नाही, हे ओळखावयास सांगावे. दुकानातून एक फुटलेली नळी मागून आणून ती कापून आतील जाळे दाखवावे. पुठ्ठ्याची तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. अवजार बँका व भाड्याने ट्रॅक्टर देणारे गट यांना तेलाची नोंदवही ठेवण्यास सांगावे. अधिक शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय शेतीयंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेची माहिती द्यावी.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. गळती हाताने नव्हे, पुठ्ठ्याने शोधावी.

२. तेल कातडीत शिरल्यास जखम लहान असली तरी रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

३. दाबाच्या नळीस पट्टी बांधू नये, ती बदलावी.

४. ट्रॅक्टर दुकानात नेऊ नये; नळी न्यावी.

५. डावी-उजवी नळी खुणेने ओळखून जोडावी.

६. नवी नळी पिळलेली, ताणलेली किंवा घासणारी नसावी.

७. हवा पूर्ण निघाल्यावाचून व पुन्हा तपासल्यावाचून ट्रॅक्टर रस्त्यावर आणू नये.

नळी ही ट्रॅक्टरमधील किरकोळ वस्तू समजली जाते. परंतु ज्या ट्रॅक्टरमध्ये स्टिअरिंग व चाके यांच्यामध्ये तिच्यावाचून दुसरा दुवा नाही, तेथे चालकाचा, त्याच्या मागे ट्रॉलीवर बसलेल्या मजुरांचा आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. तिची परीक्षा करण्यास रोज सकाळी पाच मिनिटे पुरतात.